हातानं फिरवायचं, तर ते रिव्हॉल्व्हर कसलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुन्या हत्यारांवर बोलायला कुठेही गेलो, की चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच: "अहो, त्या कॉलियरच्या पिस्तुलाचा सिलिंडर हातानं फिरवायचा म्हणता, मग ते रिव्हॉल्व्हर कसलं? खरं रिव्हॉल्व्हर अमेरिकेतल्या सॅम्युअल कोल्टचंच ना?"

सिलिंडर म्हणजे दारू-गोळी भरायच्या घरांचा गोल ठोकळा. तो फिरतो म्हणून रिव्हॉल्व्हर. कोण फिरवतं हा प्रश्न वेगळा. आणि गंमत अशी, की बॉस्टनच्या एलिशा कॉलियरनं 1818 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलं तेव्हा त्यात सिलिंडर आपोआप फिरवणारी स्प्रिंग होती. लंडनमध्ये विकायला माल बनवताना मात्र त्यानं ती गाळली. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं. बिघडण्यासारखी एक गोष्ट कमी झाली.

खरी करामत दुसरीकडे होती. घोडा अर्धा ओढायचा, पाच घरांचा सिलिंडर बोटांनी मागे खेचायचा, एक घर फिरवून सोडून द्यायचा. दुसऱ्या एका स्प्रिंगच्या जोरानं तो पुढे येतो आणि घराचं खोलगट तोंड नळीच्या निमुळत्या टोकावर टोपणासारखं बसतं. पेटलेल्या दारूचा वायू फटीतून निसटू नये म्हणून एवढी खटपट. (कोल्टच्या रिव्हॉल्व्हरात ती फट राहिलीच.) आता पाचही घरं एकाच नळीवर अशी बसवायची, तर कानस घेऊन तासन्‌तास घासणारा कारागीर हवा. असं हत्यार फौजेला परवडत नाही. हौशी श्रीमंताला परवडतं.

सुरुवातीची ही पिस्तुलं चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी. त्यामुळे प्रत्येक बार काढायला नवी रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर दारू, आली. कॉलियरनं त्यासाठी रंजकाची छोटी डबीच बसवली होती, पण ठिणग्यांजवळ दारूचा साठा ठेवायचा म्हणजे जरा धाडसच. सुटका केली ती केपानं. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ पाणपक्ष्यांच्या शिकारीला जात. चकमकीचा भपका दिसला की बार व्हायच्या आत पक्षी उडून जात. म्हणून ठोक्यानं पेटणारं मिश्रण वापरून त्यांनी 1807 मध्ये पेटंट घेतलं. पुढे तांब्याची टोपी आली. कोकणात ठासणीच्या बंदुकीवर चढवतात तो केप हाच, आणि दिवाळीतली टिकली त्याची धाकटी बहीण. प्रत्येक घराला आपापला केप मिळाल्यावर रंजकाची कटकटच संपली. नंतर कॉलियरनंही केपवाली पिस्तुलं केली.

याच सुमारास एडविन बडिंग नावाचा इंग्रज नळ्यांचा अख्खा जुडगाच हातानं फिरवायचं केपवालं पिस्तूल बनवत होता. 1830 मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेणारा बडिंग तो हाच!

आणि कोल्ट? 1830 मध्ये कलकत्त्याला निघालेल्या जहाजावर, जहाजाचं चाक बघून त्याला कल्पना सुचली म्हणतात. ही कथा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटते. त्याचं अमेरिकन पेटंट 1836 चं. 1851 मध्ये बॉस्टनच्या कोर्टात त्यानं मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीवर दावा लावला, तेव्हा प्रतिवादींनी कॉलियरचं पिस्तूल पुढे केलं. कोल्ट जिंकला खरा, पण सिलिंडर फिरतो एवढ्यावर त्याचा हक्क नव्हताच. हक्क होता तो घोडा ओढताच सिलिंडर फिरून जागेवर अडकतो, त्या जोडणीवर.