औषधांची राउंड चालू असताना

इंग्लंडमधल्या केअर होममध्ये नर्स म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त ताण येतो तो सकाळच्या औषधांच्या राउंडचा. ट्रॉली, चार्ट आणि एकेका आजी-आजोबांच्या आठ-आठ, दहा-दहा गोळ्या. आणि नेमक्या त्याच दोन तासांत सगळ्यांना नर्स हवी असते. फोन वाजतो, दारावर डॉक्टर येतात, नातेवाईक विचारपूस करतात, रोजची देखभाल करणारी केअरर हाक मारते.

गेल्या हिवाळ्यात एका आजींच्या गोळ्या मी कपात काढल्या आणि हॉस्पिटलमधून फोन आला. ट्रॉलीला कुलूप घातलं, कप हातात ठेवूनच बोलले आणि बोलणं संपल्यावर शेजारच्या खोलीत शिरले. दोघींचं आडनाव एकच. कप पुढे करणार, तेवढ्यात चार्टवरचा फोटो पाहिला. चेहरा वेगळा होता. कपात रक्त पातळ करणारी गोळी होती. त्या आजींनी हात पुढे केलेला होता, पूर्ण विश्वासाने. तो हात मला अजून दिसतो. गोळी दिली गेली नव्हती, तरी मी घडलेलं सगळं लेखी कळवलं.

२०१० साली सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४,२७१ वेळा औषध देताना नर्सेसचं निरीक्षण केलं होतं. निम्म्याहून जास्त वेळा मध्येच कुणीतरी अडवलं होतं आणि व्यत्यय वाढले तशा चुकाही वाढल्या होत्या. म्हणजे प्रश्न एखाद्या नर्सच्या निष्काळजीपणाचा नाही. मोजता मोजता आकडा सुटावा तसं होतं ते.

मग आमच्याकडे 'औषधं चालू आहेत, कृपया थांबा' असं लिहिलेलं लाल जाकीट आलं. गप्पा कमी झाल्या, हे खरं. पण फोन जाकीट वाचत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीही वाचत नाहीत. त्या बाही धरून म्हणतात, "मला बाथरूमला जायचंय." याला व्यत्यय म्हणायला माझं मन तयार नाही. त्यांच्यासाठीच तर आपण इथे आहोत. त्यांनी थांबावं अशी अपेक्षा न ठेवता, त्यांच्याजवळ तेव्हा दुसरं माणूस हवं.

खरा फरक पडला तो कामं वाटून घेतल्यावर. आता राउंडच्या वेळी फोन एका सीनिअर केअररच्या खिशात असतो. ती निरोप लिहून घेते आणि अगदी तातडीचं असेल तरच मला बोलावते. त्या दोन तासांत कुणी ब्रेकवर जात नाही. दिवसातून एकदाच घ्यायच्या काही गोळ्या डॉक्टरांना विचारून दुपारी हलवल्या, त्यामुळे सकाळची ट्रॉली हलकी झाली. यात नवीन शोध काही नाही. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इथल्या नाइस संस्थेने केअर होममधल्या औषधांबद्दल २०१४ मध्ये अशाच गोष्टी सुचवल्या आहेत. पण त्यासाठी ड्यूटीवर माणसं लागतात आणि ती देणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. जाकीट स्वस्तात येतं, म्हणून तेवढ्यावर भागवू नये, असं मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं.

सगळ्या गोळ्या मात्र हलवता येत नाहीत. आमच्या एका आजोबांना पार्किन्सन आहे. हालचाल सुरळीत ठेवणारी त्यांची लेवोडोपाची गोळी ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळायलाच हवी. पूर्वी एकदा फोनांमुळे आठची गोळी पावणेनऊला दिली. तोवर ते पलंगाच्या कडेला बसून शर्टाचं एकच बटण लावत होते. बोट काजापर्यंत जायचं आणि तिथेच थिजायचं. मी मदत करू लागले तर मान हलवून नको म्हणाले. आता राउंडची सुरुवात त्यांच्या खोलीपासूनच होते.

संध्याकाळची राउंड अजून जमलेली नाही. नातेवाईक कामावरून सुटून येतात ते तेव्हाच, आणि आईची चौकशी करणाऱ्या मुलीला 'नंतर या' म्हणणं जड जातं. पुढच्या आठवड्यापासून त्या वेळी एका केअररला फक्त नातेवाइकांशी बोलायला ठेवणार आहोत.