मास्क घेण्याआधी भिंतीवर टिकली लावा

हिवाळ्याच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडचे पाहुणे मस्कतला आले, की जवळच्या दिमानियत बेटांवर स्कूबाची, म्हणजे हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली पोहण्याची, फर्माईश ठरलेली. विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली ही माणसं, पाण्याला बिचकत नाहीत. अडचण होते ती काचबिंदूने, रेटिनायटिस पिगमेंटोसाने (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) किंवा लकव्यानंतर ज्यांची बाजूची नजर गेली आहे त्यांची. घाण्याच्या बैलाला झापड बांधल्यासारखं त्यांना समोरचं तेवढं दिसतं आणि त्यावर डुबकीच्या मास्कची चौकट बसते. दुकानदार अशा गिऱ्हाइकासमोर हमखास सगळ्यात रुंद, कडेला जादा काचा असलेला मास्क ठेवतो. बहुतेकांसाठी नेमका तोच चुकीचा.

आधी आपली नजर किती उरली आहे ते मोजायचं, आणि हे काम गावी असतानाच उरकावं. फाइलीत फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर कडेला कुठवर पोचते त्या तपासणीचा, कागद असतो, पण काचबिंदूसाठी नेहमी करतात ती 24-2 टेस्ट मध्यापासून 24 अंशांपर्यंतच बघते, नाकाच्या बाजूला 30 पर्यंत. त्यापलीकडचं त्या कागदात काहीच नसतं. म्हणून भिंतीवर डोळ्याच्या उंचीला एक टिकली लावा आणि डोळा भिंतीपासून बरोबर 1 मीटरवर येईल असं खुर्चीत बसा. एक डोळा झाका, दुसरा टिकलीवर रोखा. घरातल्या कोणाला तरी बाहेरून टिकलीकडे खडू हळूहळू सरकवायला सांगा. खडू दिसला की 'दिसला' म्हणायचं, त्यांनी तिथे खूण करायची. डावी, उजवी, वर, खाली, आणि मग दुसरा डोळा. टिकलीपासून खूण 18 सेंटीमीटरवर असेल तर 10 अंश, 36 वर 20, 58 वर 30 आणि पूर्ण मीटरवर 45 अंश. नजर टिकलीवरून हलली की माप बिघडतं, आणि ती हलतेच. म्हणून प्रत्येक बाजू तीनदा मोजून मधला आकडा धरा.

मास्क हातात आला की तो घालून हेच माप पुन्हा घ्यायचं. खुणा जिथल्या तिथे आल्या तर तो मास्क तुमच्या उरलेल्या नजरेतलं काही खात नाही, मग तो कितीही अरुंद दिसो. दुकानात मीटरभर मोकळी भिंत मिळते, मागायला लाजू नये.

आता पाण्याची करामत. सपाट काचेतून पाण्यात बघताना प्रकाश वाकतो, वस्तू तिप्पट-चौपट नाही पण एक तृतीयांश मोठी दिसते आणि 4 मीटरवरचा मासा 3 मीटरवर असल्यासारखा वाटतो. मोठं दिसतं म्हणजेच तेवढ्याच नजरेत कमी मावतं. जमिनीवर एका बाजूला 20 अंश दिसत असतील तर पाण्यात ते जेमतेम 15 होतात, 30 चे 22, 45 चे 32. एकच सपाट काच कितीही मोठी घेतली तरी दोन्ही बाजू मिळून 97 अंशांच्या वर पाण्यातलं दिसूच शकत नाही.

कडेच्या काचांचं बिंग इथेच फुटतं. पुढची काच जिथे संपून बाजूची सुरू होते तो सांधा डोळ्यापासून 45 अंशांवर आहे आणि काचा काटकोनात आहेत असं धरू. पुढच्या काचेतून पाण्यातलं 32 अंशांपर्यंत दिसेल. बाजूची काच सुरू होते ती थेट 58 अंशांपासून. मधले 26 अंश कुठल्याच काचेत नाहीत. आपण ढोबळ हिशोब केला, प्रत्यक्षात कोन मास्कप्रमाणे बदलतो, पण खाच राहतेच, आणि पोहणारा सोबती त्या खाचेत शिरला की गायब होऊन अचानक भलतीकडे उगवतो. धडधाकट नजरेच्या माणसालाही यानं गरगरतं. ज्याची नजर 30 अंशांवरच संपते त्याला तर बाजूची काच दिसतच नाही. वर आतली हवा वाढते आणि शिरलेलं पाणी काढायला जास्त फुंकावं लागतं.

मग काय घ्यावं? काच डोळ्याच्या जितकी जवळ तितकं बरं. बाहुलीपासून काचेची बाहेरची कड 45 मिलिमीटरवर असेल आणि काच डोळ्यापुढे 40 मिलिमीटरवर, तर पाण्यात 34 अंश मिळतात. तीच काच 25 मिलिमीटरवर आणली की 41. म्हणून दुकानात 'लो-व्हॉल्यूम', म्हणजे आत कमी हवा मावणारा, असा शब्द वापरा. चष्म्याचा नंबर असेल तर दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्यावा, त्यात अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळणाऱ्या तयार काचा बसतात. चष्मा आत घालून चालत नाही, काडी स्कर्टखाली, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला चिकटणाऱ्या मऊ कडेखाली, गेली की पाणी शिरलंच. एकाच डोळ्याने दिसणाऱ्याने मात्र मधली पट्टी नसलेली अखंड काच बघावी, कारण त्याला नाकाच्या पलीकडचंही त्याच डोळ्यानं बघायचं असतं.

रुंदीपेक्षा खालची कड महत्त्वाची, आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मास्क घालून सरळ उभे राहा, मान न वाकवता फक्त बुबुळं खाली करा. डुबकीच्या हवा भरायच्या जॅकेटचं छातीवरचं बक्कल दिसलं तर मास्क कामाचा. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, किंचित आत कललेल्या काचांत ते सहसा दिसतं. दिसत नसेल तर टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा काटा कमरेला लोंबता न ठेवता छातीवर अडकवा, आणि खोली आणि वेळ दाखवणारा डुबकीचा कॉम्प्युटर मनगटाचाच घ्या, म्हणजे तो डोळ्यासमोर आणता येतो.

स्कर्ट पारदर्शक की काळा? ज्यांना उजेडाने डोळे दिपतात त्यांना काळा, आणि काचबिंदूत डोळे असे बरेचदा दिपतात. काळ्यात कोंडल्यासारखं वाटत असेल तर पारदर्शक घ्या.

बसतो की नाही ते बघायला पट्टा मागे टाकून मास्क नुसता चेहऱ्याला लावा आणि नाकाने हलका श्वास घ्या. हात सोडल्यावर टिकला पाहिजे. जोरात ओढलं तर कुठलाही मास्क चिकटतो, त्यात काही कळत नाही. आपल्याकडच्या भरघोस मिशा इथे नडतात. नाकाखालची एक बारीक पट्टी कापून घ्या नाहीतर थेंब-थेंब पाणी येत राहील. गळतो म्हणून पट्टा आवळू नका, त्याने कड दुमडते आणि जास्तच गळतो.

नाक बाहेर राहणारे पोहण्याचे गॉगल खोल पाण्यात चालत नाहीत. दर 10 मीटरला 1 वातावरण दाब वाढतो आणि नाकाने मास्कमध्ये हवा सोडली नाही तर डोळ्यातला पांढरा भाग लालभडक होतो. पूर्ण चेहरा झाकणारे, 180 अंशांची जाहिरात करणारे स्नॉर्कलचे मास्कही स्कूबासाठी नाहीत. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत डुबकी नाहीच. तेव्हा विमानातही बसू नका म्हणून सांगतात. काचबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनला मास्कच्या दाबाबद्दल स्पष्ट विचारून, लेखी घेऊन या. कोर्सच्या आधी भरायच्या फॉर्मवर नजरेचं लपवू नका.

नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो गेला नाही तर वाफ धरते आणि उरलेली नजरही जाते. साधी पांढरी टूथपेस्ट आतून अंगठ्याने चोळा, धुवा, दोन-तीनदा करा. डुबकीआधी बेबी शाम्पूचा एक थेंब पुरतो.

पाण्यात सोबत्याने दिसणाऱ्या बाजूला, अंगापेक्षा थोडं पुढे राहायचं हे बोटीवरच ठरवा. खुणा हनुवटीसमोर करायच्या, मांडीजवळ नाही. आणि दंडाला दोनदा दाबलं की 'इकडे बघ', हे पहिल्या डुबकीआधी स्विमिंग पूलमध्ये डोळे मिटून करून बघा. जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण शोधणंही तसंच.