1 ऑगस्ट, टरफलं आणि बाबांचा प्रश्न

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातून दोनच मोठे कार्यक्रम, डिसेंबरातलं गॅदरिंग आणि 1 ऑगस्टची टिळक पुण्यतिथी. गॅदरिंगला आया यायच्या, बाप नाही, कारण बाप तेव्हा दर्यावर. 1 ऑगस्टला मात्र होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोणी पाण्यात घालणार नाही, त्यामुळे समस्त बापवर्ग घरात जाळी विणत कंटाळलेला असायचा आणि शाळेत कार्यक्रम म्हटल्यावर छत्र्या घेऊन हजर. रत्नागिरी शहर आमच्यापासून एसटीनं तासाभरावर, टिळकांचं जन्मघर तिथल्या टिळक आळीत, तेव्हा टिळक म्हणजे आपला माणूस असा सगळ्यांचा हिशोब. ते दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले, तर त्याबद्दल पुणेकरांवर थोडा राग पण होता.

कार्यक्रम दरवर्षी तोच. फोटोला आवारातल्या तगरीचा हार, कौलातून गळतं त्याच्याखाली बालदी, आणि ओळीनं वीस-पंचवीस भाषणं. अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती, हे एका दमात म्हणायचं आणि मग सगळ्यांची गाडी थेट शेंगांवर. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. वीसपैकी अठरा भाषणांत शेंगा. बाहेर पाऊस इतका की मागच्या बाकांना फक्त ओठ हललेले दिसायचे, पण शेंगा आल्या हे हातवाऱ्यांवरून कळायचं.

मी पाचवीत असताना माझं भाषण शेंगांपर्यंत नीट गेलं आणि पुढचं साफ विसरलो. डोळे भिंतीवरच्या पालीवर, घशाला कोरड, आणि त्या शांततेत मागून आमचे बाबा मोठ्यानं, "पण मग शेंगा खाल्ल्यान कोणी, ता कळला काय शेवटी?" अख्खी शाळा हसली, गुरुजी पण. मी रडत खाली उतरलो आणि घरी दोन दिवस बाबांशी बोललो नाही. आता वाटतं प्रश्न बरोबर होता, इतकी वर्षं इतकी पोरं ही गोष्ट सांगतायत आणि खाणारा कोण हे कोणी विचारलंच नव्हतं.

सातवीत असताना घाटावरून बदली होऊन एक सर आले. आम्ही त्यांना मासे खायला शिकवलं आणि त्यांनी आम्हाला तारखा. रोज परिपाठाच्या आधी फळ्यावर रंगीत खडूनं दिनविशेष लिहायचे, आणि नुसतं लिहून सोडायचे नाहीत, एका तारखेला दुसरी भिडवायचे. 23 जुलैला लिहिलं, 1856 लोकमान्य टिळक जन्म, 1906 चंद्रशेखर आझाद जन्म, 1927 मुंबई रेडिओ केंद्राचं उद्घाटन. मग म्हणाले, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा कधी सुनावली माहितीय, 22 जुलै 1908, रात्री, म्हणजे उजाडला तो बावन्नावा वाढदिवस. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस. आणि त्या गिरण्यांत कोण होते रे, तुमच्याच जिल्ह्यातले लोक ढिगानं. आमच्या वर्गात निम्म्यांचे आजे-पणजे गिरणीतले, हे ऐकून सगळे सरळ बसले.

1 ऑगस्टला फळ्यावर टिळकांच्या खाली त्यांनी आणखी एक नाव लिहिलं, अण्णाभाऊ साठे, जन्म, वाटेगाव. आम्हाला नाव माहीत नव्हतं. पण सरांनी वर्ष लिहिलं तेव्हा खडू दोनदा आपटला, 1920 आणि 1920. तोच दिवस आणि तेच वर्ष! टिळक मुंबईत सरदारगृहात गेले, आणि त्याच तारखेला सांगलीकडच्या एका गावात हे बाळ जन्मलं. वर गांधीजींनी असहकाराची सुरुवात धरली होती तो दिवसही हाच. (महसूल दिनही 1 ऑगस्टलाच असतो, पण तो तलाठ्यांचा, सोडून द्या.) सर म्हणाले, टिळक मध्यरात्र उलटल्यावर गेले, तासभर आधी गेले असते तर तारीख 31 जुलै लागली असती, नाना शंकरशेटांच्या पुण्यतिथीची, आणि तुमची शेंगांची भाषणं एक दिवस आधी झाली असती.

मग त्यांनी विचारलं, टिळक गेल्याची बातमी वाटेगावात कधी पोचली असेल? आम्ही म्हटलं, लगेच, रेडिओवर. सर नुसते फळ्याकडे बघत राहिले. कोणीतरी हळूच म्हणालं, रेडिओ तर 1927 ला. मग तार, मग पेपर, मग बाजाराला गेलेला माणूस असं करत करत आम्ही ती बातमी पावसातून वाटेगावापर्यंत नेली, अख्खा तास गेला, गणित बुडालं, आणि मला आजपर्यंत शाळेतला तेवढा एक तास मिनिटामिनिटानं आठवतो. मुंबईत त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि लाखो लोक भिजत अंत्ययात्रेला गेले, गांधीजींनी खांदा दिला, हेही त्याच तासातलं.

त्या वर्षीपासून आमच्याकडे 1 ऑगस्टला दोन फोटो. सुरुवातीला दुसरा फोटो कशाला अशी कुजबुज झाली गावात, खोटं कशाला बोला. सरांनी वाद घातला नाही, फक्त दोन्ही हार सारख्या लांबीचे करायला सांगितले.

मधल्या काही वर्षांत मासेमारीची बंदी 31 जुलैला संपायला लागली आणि 1 ऑगस्टला बापलोक पुन्हा दर्यावर, कार्यक्रमाला पुन्हा आयाच. शाळेचा पटही उतरला. आता गावचं मंडळ कार्यक्रम करतं, आम्ही मुंबईकर जमलं तर रात्रीच्या गाडीनं जातो. मागे एकदा गेलो तर पुतणी अण्णाभाऊंवर बोलली, दीड दिवस शाळेत गेले, वडिलांबरोबर चालत मुंबईला आले, गिरणीत लागले, पुढे 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांना अर्पण केली. कागद नाही हातात, कुठे अडखळली नाही.

बाबा आता खुर्चीत, पहिल्या रांगेत, कानाला मशीन. मला वाटलंच होतं. "दीड दिवसात लिवायला शिकवलान कोणी?"

पुतणी जराही दचकली नाही. "दुकानांच्या पाट्या वाचून, आबा. मुंबईत."

बाबांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "ही हुशार हाय. हिला त्या शेंगांचा विचार."