दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर

ट्रक दारात उभा राहून चार महिने झाले, दोनदा गुरं विकून आले, तरी जिथून तो घेतलाच नाही त्या डीलरशिपचा 'तुमचा अनुभव कसा होता?' विचारणारा ईमेल आला की माझं डोकं तापतं. त्यांना काय सांगायचं ते मी सांगून मोकळी झाले. इथे लिहितेय ते रँचसाठी पिकअप शोधणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. चाळीस एकर जागा, गाई-वासरं धरून बावीस जनावरं. नवरा आठवडाभर नोकरीवर असतो, त्यामुळे गुरांचं सगळं मीच बघते. विकायची जनावरं सेल बार्नला, म्हणजे गुरांच्या लिलावाच्या जागी, नेण्याचं काम शेजारचे एक वयस्कर रँचर त्यांच्या ट्रेलरमधून करून द्यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी ट्रेलर आम्हालाच विकला, आणि तो ओढायला आमच्याकडे ट्रक नव्हता.

ट्रेलर सोळा फुटी, बंपर-पुल प्रकारचा, म्हणजे ट्रकच्या मागच्या हिचला, ट्रेलर अडकवायच्या जोडाला, लागणारा. रिकामा ३,००० पौंड. त्यात चार मोठ्या गाई चढवल्या की साधारण ७,८०० पौंड होतात. हा आकडा माझ्या डोक्यात पक्का होता आणि मी तो प्रत्येक सेल्समनला सांगत होते. उत्तर एकच यायचं, "काळजी करू नका, हा अकरा हजार ओढतो."

ओढत असेलही. पण ट्रक ओढतो किती हा एक प्रश्न झाला आणि ट्रक स्वतःच्या पाठीवर किती पेलतो हा दुसरा. आमची सगळी गाडी या दुसऱ्या प्रश्नावर अडली.

माझे आजोबा बैलगाडीत कडबा भरायचे तेव्हा भार कुठे पडतोय याकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं. मागे जास्त भरला तर गाडी उलाळ व्हायची, पुढे जास्त भरला तर जोखडाचा सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर यायला हवा. कमी आला तर हायवेवर ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे हेलकावतो. आणि जो भार हिचवर येतो तो ट्रकनेच पेलायचा असतो. ७,८०० पौंडांवर साडेबारा टक्के धरा, ९७५ पौंड झाले. त्यात आम्ही दोघं मिळून ३५०, हिच, टूलबॉक्स आणि हत्यारं मिळून २००. बेरीज १,५२५ पौंड, आणि यात खुराकाचं एक पोतंही नाही.

ट्रक किती पेलू शकतो हे ब्रोशरमधून कळत नाही. ते ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर छापलेलं असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं ते वाक्य आहे. तो आकडा त्या एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या ट्रकवर दोन-चारशे पौंडांचा फरक सापडतो, कारण सनरूफ, चामड्याच्या जाड सीट, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, चार दारांची केबिन, फोर बाय फोर, हे सगळं वजन त्याच हिशेबातून वजा झालेलं असतं. ट्रक जितका ऐषआरामी, तितकी त्याची पाठ दुबळी.

तर मी त्या डीलरशिपला फोन करून एवढंच मागितलं, त्या स्टिकरचा एक फोटो पाठवा. डीलरशिप आमच्यापासून ९० मैलांवर, म्हणून फोटो हवा होता. ट्रक अर्ध्या टनाच्या, म्हणजे त्यातल्या हलक्या, वर्गातला, तीन वर्षं वापरलेला, दिसायला देखणा.

पहिल्या दिवशी ब्रोशरची लिंक आली. दुसऱ्या दिवशी फोटो आले, आतल्या स्क्रीनचे, चाकांचे, सीटवरच्या शिवणीचे. मी परत लिहिलं की दार उघडा, चौकटीवर स्टिकर आहे, त्याचा फोटो हवा. दोन दिवसांनी दाराचा फोटो आला, पण टायरच्या हवेचा तक्ता दिसेल असा कापलेला. स्टिकरवर वजनाची ओळ अगदी त्या तक्त्याच्या वर असते. माणूस मुद्दाम करत होता की त्याला खरंच कळत नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी चिडून फोन केला तर तो रजेवर. दुसऱ्याने फोन घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, "मॅम, हा अकरा हजार ओढतो."

दुसऱ्या आठवड्यात सांगण्यात आलं की ट्रक मागच्या आवारात आहे, ५०० डॉलर डिपॉझिट भरलं तर पुढे आणून ठेवतील आणि मग फोटो काढतील. डिपॉझिट परत मिळेल का, विचारलं. हो म्हणाले. नवरा म्हणाला, "अगं, भरून टाक, एकदाचा विषय संपेल." आम्ही भरलं. फोटो आलाच नाही. त्याऐवजी फायनान्सवाल्या बाईंचा फोन आला, महिन्याचा हप्ता किती बसेल ते सांगायला. माझ्या गाई या ट्रकच्या मागे उभ्या राहू शकतील का, हेच अजून ठरलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघं ९० मैल गाडी चालवत गेलो. ट्रक धुऊन-पुसून दारातच उभा होता. मी कुणाशी न बोलता सरळ दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि वाचलं. १,३८५ पौंड. आमची बेरीज १,५२५. म्हणजे गवताची काडी न भरता १४० पौंड जास्त. मग मागे जाऊन हिचवरचं लेबल वाचलं. वेट डिस्ट्रिब्यूशनची, म्हणजे हिचवरचा भार इतर चाकांवर वाटून देणारी, जोडणी न लावता ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि हिचवर ५०० पौंड, एवढीच मर्यादा. अर्ध्या टनाच्या कित्येक ट्रकवर हीच मर्यादा असते, आणि ब्रोशरमधला मोठा आकडा त्या जोडणीसकटचा असतो. मी सेल्समनला दोन्ही दाखवलं. तो म्हणाला, लोक तर याच्या मागे दहा हजार लावून फिरतात.

फिरत असतील. माझ्या ट्रेलरमध्ये जिवंत जनावरं उभी असतात. ती सरकतात, एकमेकींना ढकलतात, उतारावर सगळा भार पुढे येतो. या ट्रकचे मागचे स्प्रिंग दबले, पुढची चाकं हलकी झाली आणि स्टिअरिंग हातात राहिलं नाही, तर गाईंबरोबर समोरून येणाऱ्या माणसाचाही जीव जाईल.

डिपॉझिट परत यायला ३१ दिवस लागले. रोज एक फोन, रोज वेगळा माणूस, रोज 'अकाउंटिंगकडे पाठवलंय.' शेवटी पावतीचा फोटो, तारीख आणि परत मिळेल म्हणणारा त्यांचाच मेसेज एकत्र करून मॅनेजरला पाठवला, तेव्हा दोन दिवसांत पैसे आले. म्हणून आधीच सांगते, डिपॉझिट परत मिळेल हे शब्दांत लिहून घेतल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. आणि जो विकणारा स्टिकरचा फोटो एका दिवसात देत नाही, त्याचा ट्रक सोडा. मी तीन आठवडे धरून ठेवला, ते तीन आठवडे मला परत मिळणार नाहीत.

कंपन्यांचे ओढण्याचे आकडे खोटे नसतात, हेही सांगायला हवं. ते एसएई जे२८०७ नावाच्या ठरलेल्या पद्धतीने काढतात. पण त्या पद्धतीत ट्रकमध्ये १५० पौंडांची दोन माणसं धरतात आणि सामान जवळजवळ नाहीच. रँचवरचा ट्रक असा रिकामा कधी असतो? आमच्या मागच्या हौद्यात कायम तारेचं भेंडोळं, कुंपणाचे टी-पोस्ट, मिठाचे ठोकळे आणि ५० पौंडांची खुराकाची पोती असतात.

मग मी थेट पाऊण टनाच्या वर्गात गेले. फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० हा तो वर्ग. अर्धा, पाऊण, एक टन ही जुन्या काळची नावं आहेत, आज त्यांचा खऱ्या वजनाशी संबंध उरलेला नाही.

इथे डिझेलचा मोह झाला, कारण सगळे रँचर डिझेलच सांगतात. मी घेतलं नाही. एक तर डिझेल इंजिन बरंच जड, आणि पाऊण टनी ट्रकचं माणसं-सामान धरून एकूण वजन कंपन्या बऱ्याचदा १०,००० पौंडांवर रोखतात, त्यामुळे इंजिनचं जास्तीचं वजन पुन्हा पाठीच्या हिशेबातूनच जातं. दुसरं म्हणजे माझं काम गोठ्यापासून कुंपणापर्यंत, दहा मैलांच्या वेगाने. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन बराच वेळ तापून चालावं लागतं. अशा फेऱ्यांमध्ये तो भरत जातो आणि दुरुस्तीचा खर्च खिशाला चांगलीच चाट लावतो. ज्यांना दर आठवड्याला शेकडो मैल जड गूसनेक ट्रेलर (हौद्याच्या आत जोडला जाणारा) न्यायचा आहे त्यांनी जरूर डिझेल घ्यावं. गूसनेकमध्ये हिचचा भार २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो, तो हिशेब वेगळा मांडावा.

ट्रक शेवटी एका कुंपण घालणाऱ्या माणसाकडून थेट घेतला. २०१९ चा, पेट्रोल, फोर बाय फोर, आठ फुटी हौदा, साध्या व्हिनाइलच्या सीट, ज्या पाण्याने पुसता येतात. मी फोन केला, स्टिकरचा फोटो मागितला, दहा मिनिटांत आला. ३,४६० पौंड. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

तरी वजन करून बघितलंच, कारण वापरलेल्या ट्रकवर आधीच्या मालकाने काय काय बसवलंय हे स्टिकरला माहीत नसतं. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून देतात. टाकी भरून, मी आणि हिच धरून ६,७२० पौंड भरले. दहा हजारातून वजा केले, ३,२८० उरले. घेतल्यावर गाईंसकट पुन्हा गेले. आधी ट्रेलर जोडून, मग सोडून, दोन्ही वेळा ट्रकच्या आसांवरचं वजन घेतलं. फरक ९६० पौंड आला. तोच हिचवरचा खरा भार.

विकत घेण्याआधी ट्रकखाली आडवं होऊन चासी बघा, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या जोडांपाशी गंज आहे का ते. गालिचा उचला, सीटच्या पट्ट्या पूर्ण ओढून बघा. २०१७ च्या हार्वी वादळात टेक्सासमध्ये प्रचंड संख्येने गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि पुरातल्या गाडीच्या पट्ट्यांच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. चोरीची किंवा भंगारात काढलेली गाडी आहे का हे एनआयसीबी या विम्यातले गुन्हे शोधणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट कळतं. टायर 'ई' लोड रेंजचे, म्हणजे जड भार पेलणारे, आहेत ना, तेही बघा. आधीच्या मालकाने स्वस्त कारचे टायर बसवलेले असतील तर स्टिकरवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

कागदपत्रांचं काम अर्ध्या तासात झालं, मला धक्काच बसला. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याची सही आणि गाडी नावावर करायच्या १३०-यू फॉर्मवर दोघांच्या सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जायचं. कर ६.२५ टक्के, पण तो तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा राज्याने धरलेल्या किमतीच्या ८० टक्क्यांवर, जे जास्त असेल त्यावर लागतो. शेतीच्या ट्रेलरला अ‍ॅग नंबरवर (शेतीसाठीचा राज्याकडचा नोंदणी क्रमांक) कर माफ होतो, पिकअपला होत नाही. फार्म प्लेटसाठी, म्हणजे शेतीच्या गाडीच्या नंबर प्लेटसाठी, वेगळा अर्ज आणि अ‍ॅग नंबर लागतो, नोंदणी फी निम्मी होते. त्या प्लेटवर गुरं-चारा नेता येतो, चर्चला, शाळेत, डॉक्टरकडे, घरच्या गरजेच्या सामानाला जाता येतं, पण नोकरीला नाही. नवऱ्याने तो ट्रक ऑफिसला न्यायचं मनात आणलं होतं, ते राहिलं.

ट्रेलरला मधलं गेट असेल तर जड गाई आधी पुढच्या भागात घाला, हिचवर भार बरोबर येतो. आणि परतताना ट्रेलर रिकामा असतो, तेव्हा ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, कमी करायला विसरू नका. पहिल्या फेरीत मी तो भरलेल्या ट्रेलरचाच ठेवला होता. सेल बार्नच्या फाटकाशी पहिल्याच ब्रेकला रिकामी चाकं जाम होऊन खडीवर घसटली. शेजारचे आजोबा बाजूला बसलेले, त्यांनी काही न बोलता हात लांब करून आकडा साताचा तीन केला.