जुना माल, नवा भाव

“दिवाळीआधी हाच एक टीबीचा एसएसडी साडेपाच हजारांना देत होतात, आता सात कसे?” एसएसडी म्हणजे फोटो, फायली साठवायचा चिपचा डबा, आणि आमचं दुकान असाच माल विकतं. गेले काही महिने चिपळूणच्या बाजारात, एसटी स्टँडवर, अगदी हळदीकुंकवालासुद्धा मला हा प्रश्न विचारला जातोय. आणि पाठोपाठ, “तुमचा चांगलाच फायदा होत असेल!” तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

भाव मी ठरवत नाही. मला माल देणारा डीलरही ठरवत नाही. सकाळी रेट विचारला तर तो सांगतो, “दुपारी ऑर्डर टाकताना परत विचारा.” ज्या चिपमध्ये तुमचे फोटो राहतात ती नँड फ्लॅश मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स, किऑक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. वेष्टनावर नाव कुणाचंही असो, आतली चिप बहुधा यांच्यापैकीच कुणाची तरी असते. कारखाना उभा करायला अब्जावधी डॉलर लागतात, आणि एकदा उभा राहिला की तो थांबवणं परवडत नाही, कारण चिप बनवली काय न बनवली काय, यंत्रांत घातलेला पैसा अडकलेलाच असतो. त्यामुळे मागणी घटली तरी सगळे बनवतच राहतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून भाव पाडत जातात.

आपल्याला स्वस्ताईची सवय लागली तीही याच चढाओढीतून. पूर्वी चिपच्या एका घरात एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, मावायचा, आता तीन-चार मावतात. २०१३ मध्ये सॅमसंगने २४ थर एकावर एक रचलेली चिप आणली, आज दोनशेच्या वर थर असतात. तेवढ्याच जागेत दरवर्षी जास्त माल बसत गेला आणि आपण धरून चाललो की मेमरी स्वस्तच होत जाणार.

२०२३ आठवतं का? लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप-फोन घेऊन झाले होते, मागणी बसली, कंपन्यांची गोदामं भरली. भाव इतके कोसळले की बनवणारेच तोट्यात गेले. बाकीच्यांनी उत्पादन कमी केलं तरी सॅमसंग बराच काळ हटत नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये तिनेही कपात जाहीर केली. त्या वर्षी माझ्या कपाटात चढ्या भावाने घेतलेले एसएसडी आणि मेमरी कार्डं पडून होती. गिऱ्हाईक फोनवर ऑनलाइनचा भाव दाखवायचं आणि मी त्याच भावाला माल द्यायचे, खरेदीच्या खाली. तेव्हा एकानेही विचारलं नाही, “वहिनी, तुमचं नुकसान होत असेल ना?” हे मनात आहे आणि ते मी लपवत नाही.

आता उलट झालंय. एआयसाठी जगभर डेटा सेंटरं उभी राहताहेत. त्यांना लागणाऱ्या मोठ्या हार्ड डिस्क वेळेत मिळेनात म्हणून तीही एसएसडीकडे वळली. कंपन्या २०२३ ला पोळलेल्या, त्यामुळे नवीन कारखान्यात पैसा घालायला बिचकतात, आणि चिप आज करायला घेतली तरी हातात यायला काही महिने जातात. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशिअल या नावाने दुकानांतून होणारी विक्रीच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. कारण उघड आहे, मोठी गिऱ्हाइकं जास्त पैसे देतात. चिपा बनताहेत, पण रांगेत चिपळूणचा नंबर शेवटचा.

“मग हे सगळे आतून मिळालेले असणार,” असंही काहीजण म्हणतात. रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीच्या, बाबतीत तसं झालं होतं. संगनमताने भाव ठरवल्याबद्दल २००५ मध्ये सॅमसंगला अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा दंड झाला होता. पण ती रॅम, फ्लॅश नव्हे. हातावर मोजण्याइतक्या कंपन्या असल्या की एकाने हात आखडता घेतला तर दुसऱ्याला न बोलताही कळतं. त्याला लबाडी म्हणावं का, यावर माझं मत आठवड्यागणिक बदलतं.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले ते.

आमच्या ओळखीचे एक फोटोग्राफर आहेत. लग्नाची शूटिंगं करतात, गुहागरच्या बाजूला त्यांची आंब्याची थोडी कलमंही आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा आमचं दुकान पूर्ण बुडालं. पाणी उतरल्यावर शटर उघडेना, आतून गाळाने दाबलेलं. भाऊजी पुतण्याला घेऊन आले, फावडं-घमेलं स्वतःचं आणलं. गाळ उपसताना काउंटरच्या खणातून मेमरी कार्डांची पाकिटं निघाली, चिखलाने एकमेकांना चिकटलेली, आणि ती एकेक सुटी करून त्यांनी बादलीत धुतली, जणू त्यांचीच होती. त्याच दिवसांत बाजारात काहीजण पाण्याच्या बाटल्या आणि मेणबत्त्या दामदुप्पट विकत होते. मी संतापून भाऊजींना म्हटलं होतं, “जुन्याच मालाला नवा भाव लावताना यांना लाज कशी वाटत नाही?”

या डिसेंबरात लग्नसराईचं काम साठवायला त्यांना एसएसडी हवे होते. फोनवर मी साडेपाच सांगितले. “कार्यं उरकली की नेतो,” म्हणाले. आठवड्याने आले तोवर डीलरचाच रेट सातच्या घरात गेलेला. दुकानात चार माणसं होती. मी नवा भाव सांगितला. त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. “हे डबे मी फोन केला तेव्हापण इथंच होते ना, वहिनी?” होते. मी हो म्हटलं. मग अगदी शांतपणे त्यांनी माझंच वाक्य मला ऐकवलं, जुन्या मालाचं, लाजेचं. आणि डबे न घेता गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्ही मला नफेखोर म्हणालात तर राग येतो, त्यांनी म्हटल्यावर राग आला नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी त्यांना काय सांगू शकले असते? की साडेपाचला विकलेल्या डब्याच्या जागी नवा आणायला मला सात मोजावे लागतात, आणि असं विकत गेले तर कपाट रिकामं होईल आणि पुढचा माल भरायला पैसा उरणार नाही. की मार्चची पहिली पेटी ते वाशीला कोणत्या भावाने देतात आणि मेमधली कोणत्या, कलमं तर तीच असतात. हे सगळं खरं आहे. पण त्यांचा मोहोर एका अवकाळी पावसात जळतो, माझे डबे कपाटात सुरक्षित असतात, हेही खरंच. पूर आला होता तेव्हा बाटली विकणाऱ्यालाही नवी बाटली महागच मिळाली असेल का? तेव्हा मी विचारलं नव्हतं. पण तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणं आणि एसएसडी महाग देणं एक नव्हे, या माझ्या म्हणण्यावर मी आजही ठाम आहे.

जुन्या स्टॉकवर यंदा मला पैसे मिळाले. २०२३ चा खड्डा त्यातून थोडा भरला, सगळा नाही.

“ऑनलाइन दोन टीबीचा पेन ड्राइव्ह चारशेला मिळतो,” म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: असा एक ह्यांनी टेबलावर उघडला होता. मोठ्या डब्यात एक नखाएवढं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं. कॉम्प्युटरला तो दोन टीबी, म्हणजे दोन हजार जीबी, सांगतो, तीसेक जीबीपुढे भरलं की पुढच्या फायली उघडत नाहीत. बारशाचे फोटो त्यात टाकायचे असतील तर माझ्याकडे तक्रार आणू नका.

आता कोटेशनवर मी ‘भाव फक्त आजचा’ असं लिहून देते. ह्यांना ते पटत नाही. यांचं म्हणणं, कपाटात आहे तेवढा माल ओळखीच्यांना जुन्या भावाने द्यावा, नवा आला की नवा भाव. मी म्हणते, मग उद्या येणाऱ्या कॉलेजच्या पोराने काय पाप केलं, त्याची आपली ओळख नाही म्हणून त्याने दीड हजार जास्त भरायचे? त्यावर ह्यांच्याकडे उत्तर नाही. पण मग भाऊजींना तरी सात का सांगितले, असं ते विचारतात तेव्हा माझ्याकडेही नसतं.