टीममध्ये नक्की कोणाला घ्यायचं?
हॉकीच्या सीनियर टीमचं सिलेक्शन म्हटलं की सगळ्यांना गोल मारणाराच दिसतो, पण बॉल गेला की तोच कमरेवर हात ठेवून उभा, त्याचं काय? अमॅच्युअर हॉकीत पैसे कोणालाच नाहीत, त्यामुळे प्रॅक्टिसला कोण येतं हे मी आधी बघतो. स्किल थोडं कमी चालेल पण मागे पळत यायलाच हवं, नाहीतर सर्कलमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, दोघांसमोर एकटा डिफेंडर, मग फाउल, समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोलची आयती संधी, गोलकीपर धरून फक्त 5 जण वाचवायला आणि बाकीचे सेंटर लाइनपलीकडे. बरं, रोलिंग सब, म्हणजे खेळ चालू असताना खेळाडू आत-बाहेर बदलणं, कितीही वेळा करता येतात, 15 मिनिटांच्या क्वार्टरमध्ये दमलास तर ये ना बाबा बाहेर! पण नाही, सीनियर ना, अख्खी 60 मिनिटं मैदानात मिरवायचंय, आणि बेंचवरचं पोरगं नुसतं शिनगार्ड घट्ट करत बसलंय. मी तर त्यालाच उतरवीन.