लाल डिझेल, हिरवं डिझेल आणि आमचा पॉवर टिलर

मामेभावाने मागच्या आठवड्यात इंग्लंडवरून फोटो पाठवला, शेतावरच्या टाकीतून ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतायत आणि ते चक्क लाल, कोकम सरबतासारखं. मला वाटलं भेसळ. तर म्हणे नाही रे, हे शेतकऱ्यांचं डिझेल, रंग सरकारच टाकायला लावतं. तिकडे 2022 मध्ये साध्या डिझेलवर लिटरला 52.95 पेन्स ड्युटी होती आणि या लालवर फक्त 10.18, मग स्वस्तातलं कोणी कारमध्ये घालू नये म्हणून हा रंग. टॅक्सवाले गाडी थांबवून टाकीतलं सॅम्पल बघतात, लाल दिसलं की दंड. आपल्या रेशनच्या निळ्या रॉकेलचंच लॉजिक की!

आयर्लंडमध्ये तेच हिरवं असतं. आणि तिथल्या ब्रिटनलगतच्या बॉर्डरवर म्हणे रंग काढायचा अख्खा धंदा होता, अ‍ॅसिड नाहीतर मांजरांच्या शी-शूसाठी जी माती मिळते ना, तिच्यातून डिझेल गाळायचं, फुल रेटने विकायचं आणि उरलेला घाण चिखल रात्री कुठेतरी रस्त्याकडेला टाकून पसार. शेवटी 2015 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडने मिळून सहजासहजी न निघणारा नवा मार्कर, म्हणजे स्वस्तातलं डिझेल ओळखायला त्यात मिसळायचा पदार्थ, आणला.

जर्मनीत शेतीच्या डिझेलला रंगबिंग नाही. शेतकरी पंपावर पूर्ण पैसे देतो, नंतर फॉर्म भरून लिटरमागे 21.48 सेंट परत मिळवायचा. 2023 च्या शेवटी सरकारला बजेटमध्ये खड्डा पडला म्हणून ही सवलत काढायची ठरली आणि जानेवारी 2024 मध्ये बर्लिनला ब्रांडेनबुर्ग गेटसमोर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. मग टप्प्याटप्प्याने कमी करू म्हणाले, आणि पुढचं सरकार आलं त्यांनी ती परत द्यायचं ठरवलं.

हा जर्मन प्रकार आपल्याकडे मच्छीमारांना आहे, सोसायटीमार्फत डिझेल घ्यायचं, व्हॅट नंतर परत. आमच्या शेजारच्या ट्रॉलरवाल्या काकांना विचारा हे 'नंतर' म्हणजे कधी, नुसते हसतात. म्हणून मला तरी रंगवालं बरं वाटतं, निदान आपले पैसे अडकून पडत नाहीत, फक्त आपल्याकडे रंग काढायची माती आठवड्यात बाजारात येईल ते वेगळं. बाबांच्या पॉवर टिलरला मात्र ना रंग ना परतावा, एसयूव्हीवाला ज्या भावात भरतो त्याच भावात.

बाबांना फोटो दाखवला. बराच वेळ झूम करून बघितला आणि विचारलं, वास तसाच येतो का रे?